विरघळण्याची कारागिरी

वाईच्या गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. दर्शनाला आलेला माणूस एकाच दगडातली ती अवाढव्य मूर्ती बघतो, मान वर करून शिखर बघतो, पायऱ्यांवर दोन मिनिटं टेकतो आणि निघतो. देवळाची पाठ बघायची राहूनच जाते. ती जरूर बघावी. गाभाऱ्यामागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती होत टोकाला आलेली आहे. कृष्णेचा लोंढा अंगावर आला की तो त्या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, यासाठी ही योजना. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं. नदीपात्राच्या इतक्या जवळ बांधायचं, तर पूर येणार हे गृहीत धरूनच बांधलं पाहिजे, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. मोठ्या पुरात पाणी देवळात शिरतं, गाळ टाकून परत जातं, आणि देव जागच्या जागी असतो.

याच नदीकाठी भाद्रपदात मातीचे गणपती पाण्यात सोडले जातात. त्यांच्याकडून अपेक्षा नेमकी उलटी. एका मूर्तीने पाण्याला पुरून उरायचं, दुसरीने पाण्यात उरायचंच नाही. आपण पहिल्या मूर्तीला शिल्प म्हणतो, तिच्यासाठी फलक लावतो, सहली काढतो. दुसरीला सणाचं सामान समजतो. मला हे बरोबर वाटत नाही. नीट विरघळणारी मूर्ती घडवणं हे टिकणारी मूर्ती घडवण्याइतकंच जाणतेपणाचं काम आहे, आणि ते जमलं नाही की काय होतं हे गेली काही दशकं आपण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठावर बघतो आहोत.

आधी दगडाबद्दल. वाईच्या परिसरातला दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पांडवगड, वैराटगड, केंजळगड, समोरची महाबळेश्वर-पाचगणीची पठारं, सगळं त्याचंच. या दगडात फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं असतात. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होतं आणि असं पाणी शतकानुशतकं या खनिजांवर काम करत राहतं. त्यांतले कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम धुऊन जातात, लोहाचा गंज चढतो आणि मागे उरते ती चिकणमाती. कृष्णाकाठची काळी जमीन अशी तयार झालेली आहे. म्हणजे घाटावरचा पाषाणाचा गणपती आणि शेताच्या बांधावरची माती हे एकाच पदार्थाचे दोन टप्पे आहेत. ढोल्या गणपतीचंही विसर्जन सुरू आहेच, फक्त त्याची मिरवणूक फार लांबलचक आहे.

दगडाच्या झिजेची काळजी ही काही दूरची गोष्ट नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायांवर रोज हजारो माणसं डोकं ठेवतात. त्या स्पर्शाने आणि वर्षानुवर्षांच्या अभिषेकांनी पाषाण झिजला, आणि पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून मूर्तीवर अनेकदा रासायनिक लेप द्यावा लागला. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर २०१५ मध्ये असंच संवर्धन झालं. पाषाणातला देव टिकवायचा तर पंचामृत बंद करावं लागतं आणि भक्तांचे हात लांब ठेवावे लागतात. टिकाऊपणाची ही किंमत आहे. मातीच्या गणपतीपुढे हा प्रश्न उद्भवत नाही. दीड दिवस किंवा दहा दिवस जे काय करायचं ते करून घ्या.

आता माती पाण्यात विरते म्हणजे नेमकं काय होतं? मीठ विरघळतं तशी माती विरघळत नाही. तिचे कण पाण्यात अदृश्य होत नाहीत, ते फक्त एकमेकांचा हात सोडतात. चिकणमातीचा कण म्हणजे अतिसूक्ष्म, चपटी पापुद्र्यासारखी पत्री. मूर्तिकार पाणी घालून माती मळतो तेव्हा या पत्र्यांच्या मधे पाण्याचा थर बसतो, त्या एकमेकींवरून घसरू शकतात, म्हणूनच मातीला हवा तो आकार देता येतो. मूर्ती वाळते तसं मधलं पाणी उडतं, पत्र्या जवळ येतात, मूर्ती थोडी आक्रसते आणि टणक होते. पण हा टणकपणा उसना असतो. पत्र्यांना घट्ट बांधून ठेवणारा रासायनिक बंध त्यात कुठेच तयार झालेला नसतो. पाणी पुन्हा आत शिरलं की पत्र्या सुट्या होतात.

यातली एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. खडखडीत वाळलेली मूर्ती ओलसर मूर्तीपेक्षा लवकर विरते. कोरड्या मातीतली सूक्ष्म छिद्रं पाणी जोराने ओढून घेतात, आत अडकलेली हवा दाबली जाते आणि ती बाहेर पडताना मातीचे पापुद्रे सुटत जातात. बादलीत बुडवलेल्या वाळक्या मूर्तीतून बुडबुड्यांची रांग निघते ती हीच. अर्धवट ओल्या मातीचा गोळा मात्र पाण्यात तासन्‌तास तसाच पडून राहतो. म्हणून घरच्या घरी बादलीत विसर्जन करणाऱ्यांनी शेवटच्या क्षणी मूर्तीवर भरपूर पाणी शिंपडू नये, सरळ बुडवावी.

हीच माती भट्टीत गेली की गोष्ट संपते. साधारण साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सियसच्या पुढे मातीच्या पत्र्यांच्या रचनेतच बांधलेलं पाणी निघून जातं आणि ते परत येत नाही. माती आता माती राहत नाही, खापर होतं. खापर फुटतं पण विरत नाही. उत्खननात हाती सर्वाधिक काय लागतं, तर खापरं, ते यामुळे. कुंभाराच्या घरी हे दोन्ही धंदे शेजारी शेजारी चालत आले आहेत. पणत्या, मडकी, माठ आव्यात जाणार, गणपती आणि बेंदराच्या सणाचे बैल आव्यात जाणार नाहीत. काय भाजायचं आणि काय कच्चं ठेवायचं, हा निवड करण्याचा भाग आहे. ज्याला भट्टी लावता येते तोच माणूस देव कच्चा ठेवतो, तेव्हा तो अज्ञानाने ठेवत नसतो.

ही निवड किती जुनी असावी? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजने तिथे अनेक हंगाम उत्खनन केलं. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी सापडली. पेटीत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, झाकणावर डोकं असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीला आणि बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक होतं, म्हणजे काडी खोचून तिला बैलावर बसवता येत असे. ठेवा सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा, आणि या मूर्ती न भाजलेल्या मातीच्या. ज्या लोकांनी त्या केल्या ते उत्तम भाजलेली, रंगवलेली जोर्वे पद्धतीची भांडी वापरत होते. मूर्ती कच्च्या ठेवल्या त्या एखाद्या विधीपुरत्या करून मग सोडून देण्यासाठी असाव्यात, असा तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. ही एक जोडी पेटीत पुरली गेली म्हणून आपल्याला भेटली. अशा किती मूर्ती पावसात आणि नदीत गेल्या असतील याचा हिशोब कोणत्याच उत्खननात लागणार नाही. कलेचा इतिहास आपण उरलेल्या वस्तूंवरून लिहितो, आणि जी वस्तू न उरण्यासाठीच केली ती त्या इतिहासातून आपोआप गळते.

वाईसारख्या गावात वर्षभराचं कॅलेंडर बघितलं तर अशा न उरणाऱ्या शिल्पांची रांगच दिसते. पावसाच्या तोंडावर बेंदूर येतो. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे तो असतो, पोळ्यासारखाच, पण आधी. ज्यांच्याकडे बैल नाहीत ते कुंभाराकडून मातीची जोडी आणतात. पूजा झाली की ती जोडी हळूहळू पोरांच्या खेळात सामील होते आणि शिंगं, मग कान, मग पाय अशा क्रमाने निवृत्त होते. नागपंचमीला मातीचा नाग. भाद्रपद शुद्ध तृतीयेला हरतालिका: बायका वाळूची महादेवाची पिंड करतात, तिला पत्री वाहतात, रात्र जागवतात आणि दुसऱ्या दिवशी पिंड पाण्यात सोडतात. वाळूची पिंड करून बघा म्हणजे कळेल. वाळू फार ओली असली की ओघळते, कोरडी असली की उभीच राहत नाही. ओलाव्याचं नेमकं प्रमाण हाताला कळावं लागतं. त्यानंतर दिवाळीतले किल्ले. दगड, विटा, पोत्याचं बारदान, वर चिखलाचा लेप, आणि हिरवळीसाठी पेरलेले अळीव किंवा मोहरी. वाईच्या पोरांना नमुन्यासाठी चित्र लागत नाही. गावाबाहेर मान वळवली की पांडवगड दिसतो.

यातल्या गणपतीपाशी परंपरेने एक बारीक काम करून ठेवलं आहे. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा करून मूर्तीत देवत्व आणतात, आणि विसर्जनाआधी उत्तरपूजा करून, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. देव इथेच निरोप घेतो. नदीवर जाते ती माती. घाटावर आरती होते, डोळे भरून येतात ते खरं, पण शास्त्रार्थाने बघितलं तर पाण्यात देवाला बुडवत नाहीत, देवाने वापरून झालेली माती परत करतात. येताना पाटावर नदीची चिमूटभर वाळू किंवा माती घेऊन येण्याची रीत अनेक घरांत आहे. म्हणजे रिकाम्या पाटाने परतायचं नाही. पाषाणाच्या देवाचीही सोय आहे: मूर्ती भंगली तर तीही पाण्यातच सोडायची. टिकाऊ वस्तू केव्हा सोडून द्यायची, याचाही नियम आधीच ठरलेला.

ही सगळी घडी ज्या पदार्थाने विस्कटली तो म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. त्याला नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही, तो का आला हे समजून घ्यायला हवं. १८९३ नंतर गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि पुढे मंडपागणिक मूर्तींची उंची वाढत गेली. माती जड असते. उंच मूर्तीत ती स्वतःच्याच वजनाने खचते, वाळायला आठवडे घेते, श्रावणातल्या दमट हवेत तर वाळतच नाही, आणि वाळताना भेगा पडतात. प्लास्टर याच्या नेमकं उलट. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की त्यातलं तीनचतुर्थांश पाणी जातं आणि पांढरी भुकटी मिळते. तिच्यात पाणी घातलं की ती पुन्हा जिप्सम होऊ लागते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि पंधरावीस मिनिटांत साच्यातून मूर्ती बाहेर काढता येते. काथ्या घालून आतून पोकळ केली की ती हलकी होते, ट्रकमधून शेकडो मैल जाते, रस्त्यातल्या खड्ड्यांना दाद देत नाही. रंग तिच्यावर चकचकीत बसतो. कारखानदाराच्या दृष्टीने यात दोष काहीच नाही.

दोष दहा दिवसांनंतर दिसतो. जिप्सम पाण्यात विरघळतं, पण एका लिटरमध्ये जेमतेम दोन ग्रॅम. पाच किलोची मूर्ती पुरती विरघळवायची तर निदान अडीच हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल, तेही सतत हलतं. वीस लिटरच्या बादलीत तिच्यातले चाळीस ग्रॅम जातील आणि बाकीचा गणपती तुमच्याकडे बघत राहील. वरून तैलरंगाचा थर असला की तेवढंही नाही. मग सोंडा, हात, मुकुट असे तुकडे काठावर येतात. पाण्याचा जडपणा वाढतो, आणि स्वस्त रंगांतलं शिसं, क्रोमियम यांसारखे धातू गाळात जाऊन बसतात. ज्या दृश्याने माणसं हळहळतात ते खरं तर अनित्यतेचं दृश्यच नाही. टिकण्यासाठीही न घडवलेली आणि जाण्यासाठीही न घडवलेली अशी ती वस्तू आहे. ढोल्या गणपती घडवणाऱ्या पाथरवटाला नदीचा स्वभाव माहीत होता, शाडूच्या मूर्तिकारालाही माहीत असतो. प्लास्टरच्या साच्याला नदीची काही कल्पनाच नाही.

कायदा यात बराच हेलपाटला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. लाखोंची पोटं या धंद्यावर, त्यामुळे अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली गेली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती करायला आणि विकायला मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक पाण्यात सोडायला नाही. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडाव्यात आणि त्याहून उंच मूर्तींना तूर्त नैसर्गिक पाण्याची वाट मोकळी ठेवावी, असं ठरलं. म्हणजे जी मूर्ती विरण्याची शक्यता सर्वांत कमी, तिलाच खऱ्या पाण्यात जाण्याची परवानगी. न्यायालयापुढच्या व्यावहारिक अडचणी समजू शकतात. तरी या विसंगतीवर हसू येतंच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलेला तोडगा मला जास्त आवडतो, कारण त्यात वस्तूला दोष न देता तिच्या रसायनाशी बोलणी केली आहेत. बेकरीत बिस्किटं फुगवायला वापरतात तो अमोनियम बायकार्बोनेट मूर्तीच्या जवळजवळ वजनाइतका घेऊन पाण्यात टाकायचा आणि मूर्ती त्यात बुडवायची. जिप्सममधलं सल्फेट अमोनियमकडे जातं, कॅल्शियम कार्बोनेटकडे. दोनेक दिवसांत मूर्ती जाते. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतकऱ्याच्या ओळखीचं खत, आणि तळाशी खडूची भुकटी. पुणे महापालिकेने ही भुकटी नागरिकांना मोफत वाटली. रंगांचा प्रश्न यानेही सुटत नाही, आणि बादलीला अमोनियाचा असा काही वास येतो की गॅलरीतच ठेवावी. पण न विरणाऱ्या वस्तूला मागाहून विरायला शिकवता येतं, हे यात दिसलं.

शाडूचंही कौतुक डोळे मिटून करू नये. आपल्याकडे वापरली जाणारी शाडू मुख्यतः गुजरातेतून येते. आपली काळी माती मूर्तीला का चालत नाही? कारण ती फार फुगते आणि फार आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तसंच मूर्तीचं होणार. कुंभार तिच्यात राख, लीद मिसळून तिला आवरतो, पण डोळ्यांच्या पापण्या आणि बोटांची पेरं काढायला शाडूच बरी. तर ही माती कुठून तरी खणलेली, ट्रकने आलेली असते, आणि साठून राहिलेल्या पाण्यात हजारो मूर्ती एकाच रात्री गेल्या तर तीही गढूळपणा आणि गाळ वाढवते. म्हणून पुण्यात ‘पुनरावर्तन’ नावाने विसर्जित शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचा उपक्रम सुरू झाला. न भाजलेली माती कितीही वेळा भिजवा, मळा, वाळवा, तिचं काही बिघडत नाही. नैसर्गिक रंग आणि गाळलेली माती एवढं सांभाळलं की झालं. या वर्षीच्या गणपतीत गेल्या वर्षीचे चार गणपती मिसळलेले असू शकतात.

कृष्णेच्या काठाने वाईहून खाली गेलं की सांगलीत याच्या उलटं उदाहरण भेटतं. सांगली संस्थानच्या पटवर्धनांच्या गणपती मंदिरात भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे चतुर्थीच्या तीन दिवस आधी, गाजावाजा न करता गणपती येतो. गुपचूप येतो म्हणून लोक त्याला चोर गणपती म्हणतात. ही मूर्ती कागदाच्या लगद्याची आहे, आणि तिचं विसर्जन करत नाहीत. उत्सव झाला की ती ठेवून देतात आणि पुढल्या वर्षी पुन्हा तीच. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललेलं आहे. ज्या शहरात ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली, तिथे कागदाचा देव टिकला आहे. पदार्थाचा नाशवंतपणा आणि वस्तूचं आयुष्य यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. कोणी रोज काळजी घेणारं असलं की कागद पाषाणासारखा राहतो. काळजी घेणारं कोणी नसलं तर पाषाणाचं काय होतं हे बघायला वाई तालुक्यात किकलीला जावं. भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळांची रांग आहे. ऊन-पाऊस खाऊन काहींवरची झुंज ओळखू येते, काहींवर नुसते उंचवटे उरले आहेत.

नाशवंत शिल्प ही काही आपलीच मिरास नाही. नायजेरियाच्या आग्नेय भागात, ओवेरीच्या परिसरातले इग्बो लोक आला या भूदेवीसाठी ‘म्बारी’ नावाचं घर बांधत. कुंपणाआड महिनोन्‌महिने काम चाले. वारुळाच्या मातीच्या डझनावारी मूर्ती घडत: देवी, तिचा परिवार, माणसं, प्राणी, पुढे पुढे तर गोरा साहेबही. एक दिवस कुंपण काढत, गाव येऊन बघून जाई, आणि त्यानंतर त्या घराला कोणी हात लावत नसे. डागडुजी नाहीच. पावसाने ते ढासळत जाई आणि पुन्हा गरज पडली की दुसरीकडे नवं बांधायचं. देवीला अर्पण केलं ते घडवण्याचे श्रम. वस्तू हा त्या श्रमांचा हिशोब मिटल्यावर उरलेला ढिगारा.

पाश्चात्त्य संग्रहालयांना मात्र हे फार जड जातं. झोई लिओनार्ड या अमेरिकन कलावतीने १९९२ ते १९९७ या काळात संत्री, केळी, लिंबं, अ‍ॅव्होकाडो यांच्या खाल्लेल्या फळांच्या साली सुई-दोऱ्याने, कुठे बटण लावून, कुठे चेन लावून शिवल्या. एड्सने गेलेल्या मित्राच्या शोकात तिने हे काम सुरू केलं होतं. एका संवर्धनतज्ज्ञाने खटपट करून साली सडू नयेत अशी पद्धत शोधून दिली, तेव्हा तिने ती नाकारली. साली वाळून चुरा होणं हाच तर कलाकृतीचा अर्थ होता. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने ती संपणारी कलाकृती विकत घेतली. संग्रहालयाने मुद्दाम नष्ट होऊ द्यायची वस्तू जपायची, हा पेच तिथल्या लोकांना नवा होता. वाईच्या कोणत्याही आजीला त्यात पेच दिसला नसता.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. ‘सगळंच नाशवंत आहे’ हे वाक्य आपल्याकडे फार सोयीने वापरलं जातं. वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. घाटावर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे म्हणून आणि ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं म्हणून माणसं तिथे जातात. वाड्यातल्या भित्तिचित्रांकडे फार थोडे वळतात. चुन्याच्या गिलाव्यावरची अशी चित्रं ओल आली, क्षार वर आले की पापुद्र्यांनी सुटतात, आणि सुटलेला पापुद्रा परत चिकटत नाही. वाईतल्या मोतीबागेतल्या चित्रांचीही कथा हीच. ही चित्रं काढणाऱ्याने ती पावसात जावीत म्हणून काढलेली नव्हती. ज्या घराण्यासाठी काढली त्याच्या पुढच्या पिढ्यांनी बघावीत म्हणून काढली. त्यांचं जाणं हे विसर्जन नव्हे. गळकं छप्पर आणि अनित्यतेचं तत्त्वज्ञान यांची गल्लत करणाऱ्याला निदान एकदा कौलं शाकारायला लावलं पाहिजे. फरक ओळखायची खूण अगदी साधी आहे: जी वस्तू जाण्यासाठी केलेली असते, ती पुन्हा करणारे हात गावात असतात. ढोल्या गणपतीसारखी दुसरी मूर्ती आज कोणी घडवणार नाही. मेणवलीच्या भिंतीवरची बारीक रेघ आज कोणी ओढणार नाही. म्हणून ती जपायची. शाडूचा गणपती जपायची गरज नाही, शाडूचा मूर्तिकार जपायची आहे.

जपानमधल्या इसेच्या देवळाने हे तत्त्व टोकाला नेलं आहे. ते लाकडी देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नवं बांधतात, शेवटचं २०१३ मध्ये. वीस वर्षं म्हणजे सुताराच्या एका पिढीचं अंतर. शिकाऊ म्हणून पहिल्या बांधणीला हजर असलेला पोरगा पुढच्या बांधणीला कारागीर असतो, त्यापुढच्या वेळी उस्ताद.

आपल्याकडे ही साखळी कुठे तुटते आहे ते गणपतीत चटकन दिसत नाही, कारण गणपतीला बाजार आहे. ते दिसतं शेणाच्या गवळणींत. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या खेड्यांत दिवाळीच्या दिवसांत सकाळी अंगणात बायका शेणाच्या गवळणी घालतात आणि पाडव्याला पाच पांडव. ताज्या शेणाची माणसं, कोणी ताक घुसळणारी, कोणी जात्यावर बसलेली, गोठा, गाई, चूल, उखळ, कधी अख्खं गोकुळ. डोळ्यांच्या जागी धान्याचे दाणे, डोक्यात झेंडूची आणि कुरडूची फुलं. शेणात वैरणीचे तंतू असतात. ते काथ्यासारखं काम करतात, त्यामुळे शेण मातीसारखं तडकत नाही आणि एका दमात उभी आकृती करता येते. दिवसभरात वरची साय वाळते. दुसऱ्या दिवशी ते सगळं गोळा होऊन शेणी थापायला किंवा उकिरड्यावर जातं आणि उन्हाळ्यात खत म्हणून शेतात. साचा नाही, मूर्तिकार नाही, विक्री नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं परिपत्रक नाही. सासूच्या हाताखाली बघून बघून सून शिकते, एवढीच शाळा.

या शिल्पाला पावसाने किंवा किडीने कधी धोका झाला नाही. धोका झाला तो अंगणात फरशी आणि पेव्हर ब्लॉक आल्याने, गोठ्याच्या जागी मोटारसायकल उभी राहिल्याने आणि दावणीची जनावरं दूध संघाच्या हिशोबात न बसल्याने. शहरात राहायला गेलेल्या घरांत तर शेण आणायचं कुठून, इथूनच सुरुवात. ज्या घरी अजून गाय आहे तिथून पाडव्याच्या पहाटे शेजारणी पाटी भरून नेतात. काही जणी फरशी खराब होऊ नये म्हणून खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरतात आणि त्यावर पांडव घालतात. पाचच घालतात, कारण शेण तेवढंच मिळालेलं असतं. गवळणी, गोठा आणि ताक घुसळणारी बाई यांना यंदा जागा नसते.